चार गोळ्यांचा हिशेब

अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या एका आडत दुकानावर ते मुनीम होते. हंगामात सकाळपासून पोत्यांच्या थप्प्या लागत, लिलाव होई, काटा होई आणि अण्णा गादीवर बसून पट्ट्या करत. माल किती, कडता किती, हमाली-तोलाई-आडत वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, हे सारे त्यांच्या बोटांवर असे. चार आण्यांची चूक निघाली तरी ती सापडेपर्यंत ते घरी येत नसत.

२०१३ च्या आषाढात अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या ट्रंकेत मला लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही सापडली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'गोळ्यांचा जमाखर्च'. डाव्या बाजूला जमा : १२० गोळ्या. उजव्या बाजूला खर्च : रोजच्या तारखेपुढे २, २, २. डॉक्टरांनी सांगितल्या होत्या चार. सकाळी दोन, रात्री दोन.

अण्णांना मूत्रपिंडाचा कर्करोग होता. २००९ मध्ये हैदराबादला डावे मूत्रपिंड काढले. दोन वर्षे बरी गेली. २०११ च्या दिवाळीत खोकला सुरू झाला आणि छातीच्या तपासणीत फुप्फुसांत गाठी दिसल्या. डिसेंबरात डॉक्टरांनी सोराफेनिब नावाचे औषध सुरू केले. मूळ कंपनीचे औषध महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचे. ते आमच्या आवाक्यातच नव्हते. आम्ही घेत होतो ते एका भारतीय कंपनीचे, जवळपास २८ हजारांचे. वहीच्या समासात अण्णांनी भागाकार करून ठेवला होता : एका गोळीस २३३ रुपये, दिवसास ९३३. त्यांचा महिन्याचा पगार सहा हजार होता.

मी इतिहास शिकवणारा माणूस, औषधशास्त्राशी माझा संबंध नाही. पण ती वही वाचल्यापासून एका प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. 'चार गोळ्या' हा आकडा आला कुठून? तो कुणी ठरवला, कशावरून ठरवला आणि अण्णांनी तो आपल्या मनाने निम्मा केला तेव्हा नेमके काय बदलले? गेली काही वर्षे मिळेल ते वाचत, जाणकारांना विचारत मी त्याचे उत्तर शोधतो आहे. हा लेख त्या शोधाचा आहे.

निजामाचे हजार पौंड

औषध आणि विष यांतला फरक पुष्कळदा केवळ प्रमाणाचा असतो, ही जाण जुनी आहे. नीट योजलेले विषही उत्तम औषध ठरते आणि चुकीने योजलेले औषधही विष होते, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तोच मुद्दा मांडला. मात्रा हा आपल्याकडे औषधासाठीच वापरला जाणारा शब्द आहे, यातच सगळे आले.

पण जाण असणे वेगळे आणि मात्रा मोजून, प्रयोग करून ठरवणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आमच्याच जुन्या संस्थानात घडलेले आहे. धर्माबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आमची राजधानी हैदराबाद होती. क्लोरोफॉर्मने शस्त्रक्रिया वेदनारहित केली होती, पण अधूनमधून धडधाकट माणूस टेबलावरच दगावत असे. क्लोरोफॉर्म आधी श्वास बंद पाडते की हृदय, यावर इंग्लंड-स्कॉटलंडचे डॉक्टर हातघाईवर आले होते. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते, की श्वास आधी थांबतो. तेव्हा श्वासावर नजर ठेवा, हृदयाची काळजी नको. या मताच्या तपासणीसाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेतल्यावर, त्यांचा प्रतिनिधी पाठवण्यासाठी निजामाने एक हजार पौंड दिले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादला आले आणि शेकडो कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक असलेल्या रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादेत आणि याच काळात घडल्या.

आयोगाने लॉरींच्या बाजूने कौल दिला. वाद मात्र मिटला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच, शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळले तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे जास्त मात्रेने श्वास थांबतो हे खरे, पण कमी मात्राही निर्धोक नव्हे. लॉरी प्रामाणिक होते, प्रयोगही भरपूर झाले होते. चूक झाली ती कोणत्या खुणेवर नजर ठेवायची, यात. ही गोष्ट मी इथे सांगतो, कारण पुढे अण्णांच्या बाबतीतही प्रश्न खुणेचाच होता.

सोसेल तेवढे

कर्करोगाच्या औषधांचा इतिहास युद्धातल्या विषारी वायूपासून सुरू होतो. मस्टर्ड वायूने पांढऱ्या पेशी नष्ट होतात हे दिसल्यावर येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास केला. १९४२ मध्ये ते गुप्तपणे रुग्णाला दिले गेले आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये निष्कर्ष छापले गेले. गाठी वितळल्या, पण पुन्हा वाढल्या. १९६० च्या दशकात हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करून हिशेब मांडला : औषधाची प्रत्येक खेप पेशींचा ठरावीक हिस्सा मारते, ठरावीक संख्या नव्हे. एक पेशी उरली तरी रोग परतेल. मग शहाणपण कशात? शरीराला सोसेल तेवढी जास्तीत जास्त मात्रा देण्यात.

इथून एक रीत पडली, ती आजही चालू आहे. नवे औषध आले की पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांना लहान मात्रा देतात, मग पुढच्यांना वाढवतात, मग आणखी. असह्य त्रास दिसू लागला की एक पायरी खाली येतात. ती पायरी म्हणजे 'कमाल सहनीय मात्रा'. पुढच्या मोठ्या चाचण्या बहुधा त्याच मात्रेवर होतात आणि तीच डब्यावर छापली जाते. या रीतीत 'किती सोसते' याचे उत्तर मिळते. 'किती पुरते' हा प्रश्न विचारलाच जातो असे नाही.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाने मात्र या नेहमीच्या विषारी औषधांना दादच दिली नाही. शस्त्रक्रिया हाच आधार होता. मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया गुस्ताव सायमन यांनी १८६९ मध्ये हायडेलबर्गला केली होती. पण रोग फुप्फुसांत किंवा हाडांत गेला, की शंभर वर्षांनंतरही डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी इंटरल्यूकिन-२ हे शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य प्रचंड मात्रेत द्यायला सुरुवात केली. रक्तदाब कोसळे, अंगात पाणी भरे, रुग्ण अतिदक्षता विभागात असावा लागे. मान्यतेसाठी ज्या २५५ रुग्णांचा आधार घेतला गेला, त्यांत सुमारे १४ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या आणि सुमारे ४ टक्के रुग्ण उपचारानेच दगावले. तरी १९९२ मध्ये मान्यता मिळाली, कारण ज्या थोड्यांचा रोग पुरता गेला, त्यांचा तो वर्षानुवर्षे परतला नाही.

मग कुणीतरी उलटा प्रश्न विचारला : याच्या दहाव्या हिश्श्याने काय होईल? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दोन्ही मात्रांची तुलना केली. निष्कर्ष २००३ मध्ये आले. मोठ्या मात्रेत २१ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, दहाव्या हिश्श्यात १३ टक्के. त्रास लहान मात्रेत पुष्कळच कमी. एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही, मात्र रोग कायमचा जाण्याची जी थोडी शक्यता असते, ती मोठ्या मात्रेच्या बाजूने राहिली. तराजूच्या कोणत्या पारड्यात काय टाकायचे, हे अशा वेळी आकडे सांगत नाहीत. ज्याने-त्याने ठरवायचे असते.

रक्तवाहिन्यांचा रोग

दरम्यान या रोगाची मुळे वेगळ्याच ठिकाणी सापडली. फॉन हिपेल आणि लिंडाऊ या दोन वैद्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. तो असलेल्या घराण्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग वारंवार आढळतो. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि लक्षात आले, की मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगातही बहुतेक वेळा हेच जनुक निकामी झालेले असते. या जनुकाचे काम म्हणजे, प्राणवायू पुरेसा असताना 'टंचाई आहे' अशी हाकाटी करणारी प्रथिने मोडीत काढणे. ते बिघडले की पेशीला सदैव दुष्काळ भासतो आणि ती नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणे धाडत राहते. त्या रक्तावर गाठ पोसते. प्राणवायूच्या या जाणिवेवरील कामासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

तेव्हा औषध शोधायचे ते रक्तवाहिन्यांचे बोलावणे अडवणारे. सोराफेनिब हे त्यांतले पहिले. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि महिन्याभरातच सुनिटिनिब आले. सोराफेनिबच्या ९०३ रुग्णांच्या चाचणीत रोग आटोक्यात राहण्याचा काळ २.८ महिन्यांवरून ५.५ महिन्यांवर गेला. दुष्परिणामही ठरलेले : जुलाब, थकवा, रक्तदाब वाढणे आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणे.

'चार गोळ्या' कुठून आल्या, ते मला इथे सापडले. पहिल्या टप्प्यात ६९ रुग्णांवर मात्रा वाढवत नेली होती. ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर तीव्र त्रास दिसला, म्हणून एक पायरी खाली, ४०० मिलिग्रॅम दोनदा. गोळी २०० ची. म्हणून सकाळी दोन, रात्री दोन. अण्णांची मात्रा नायट्रोजन मस्टर्डपासून चालत आलेल्या रीतीने ठरली होती. ती सोसेल त्याची वरची मर्यादा होती, आणि त्याच मात्रेचा फायदा चाचणीत सिद्ध झाला होता. निम्म्याने तेवढाच फायदा होईल की नाही, हे त्या चाचणीवरून कुणालाच सांगता येत नव्हते. अण्णांना तर नाहीच.

फेब्रुवारी २०१२ मध्ये आम्ही सकाळच्या गाडीने बासर, निझामाबाद, कामारेड्डी करत सिकंदराबादला गेलो. गाठी किंचित वाढल्या होत्या. डॉक्टर मराठवाड्यातलेच. त्यांनी रक्तदाब पाहिला, तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"काका, हात इतके चांगले कसे? जुलाब?"

"काही नाही, साहेब. काहीच त्रास नाही."

"गोळ्या किती घेता?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "दोन."

"सांगितल्या किती होत्या?"

"चार. पण दोनात भागायलंय की."

मी शेजारी बसलो होतो. दर महिन्याच्या एक तारखेला मी पैसे देत होतो आणि ते औषध आणल्याचे सांगत होते. पुढे वही पाहिली तेव्हा कळले, की एक डबी त्यांनी दोन महिने पुरवली होती आणि उरलेले पैसे माईच्या नावाने पोस्टात टाकले होते. डॉक्टर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हे औषध तुम्हाला लागू पडत नाही असं मी आता लिहिणार होतो. तुमच्या हातांनी वाचवलं."

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर उमगला. या जातीच्या औषधांत दुष्परिणाम ही एक खूणही असते. सुनिटिनिब घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासून ब्रायन रिनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले होते, की ज्यांचा वरचा रक्तदाब उपचारात १४० किंवा त्याहून वर गेला, त्यांचे मध्यम आयुर्मान ३०.९ महिने होते. ज्यांचा गेला नाही, त्यांचे ७.२ महिने. औषध रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचल्याची ती पावती असावी. याचा अर्थ त्रास जितका जास्त तितके बरे, असा नाही. पण त्रासाचे नामोनिशाण नसेल तर मात्रा खरोखर पोटात जाते का, हे विचारायला हवे. लॉरींनी एका खुणेवर भरवसा ठेवला आणि दुसरी सोडली. आमच्या डॉक्टरांनी गाठीबरोबर हातही पाहिले.

अँटॉप हिलचा निकाल

डॉक्टरांनी चार गोळ्या घ्यायला सांगितल्या, पण २८ हजारांचे काय? त्याचे उत्तर ९ मार्च २०१२ ला मुंबईतून आले.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामागे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल होता. त्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले आणि फक्त बनवण्याच्या रीतीवर दिले. त्यामुळे दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवणे कायदेशीर झाले आणि मुंबई-हैदराबादचा औषधधंदा उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून पदार्थावरचे पेटंट परत आले. मात्र कायद्यातले कलम ८४ राहिले : लोकांची वाजवी गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल किंवा शोधाचा वापर भारतात होत नसेल, तर पेटंट मिळाल्यावर तीन वर्षांनी दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो.

सोराफेनिबचे पेटंट बायर कंपनीला मार्च २००८ मध्ये मिळाले. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडे परवाना मागितला आणि तो मिळाला नाही, तेव्हा जुलै २०११ मध्ये अर्ज केला. सुनावणी मुंबईच्या पेटंट कार्यालयात, पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांच्यापुढे झाली. हे कार्यालय अँटॉप हिलला आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय तिथून फार लांब नाही, आणि मराठवाड्यातून कर्करोगाचा रुग्ण मुंबईला निघतो तो बहुधा परळलाच. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ते उभे राहिले होते.

कुरियन यांनी तिन्ही मुद्द्यांवर नॅटकोच्या बाजूने निकाल दिला. बायरचे औषध गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचत होते. १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. औषध भारतात बनतच नव्हते, आयात होत होते. संशोधनाला प्रचंड खर्च येतो, तो किमतीतून निघाला नाही तर नवी औषधे येणार नाहीत, असे बायरचे म्हणणे होते. शिवाय सिप्ला तेच औषध सुमारे ३० हजारांना विकते आहे, मग गरज भागते, असेही. त्यावर निर्णय असा, की ज्या विक्रीविरुद्ध बायर स्वतः न्यायालयात भांडते आहे, तीच विक्री ती आपल्या खात्यात जमा धरू शकत नाही. हा मुद्दा अण्णांना लगेच पटला असता. दुसऱ्याची आवक आपल्या कीर्दीत लिहू नये, हा मुनिमीचा पहिला धडा.

नॅटकोला १२० गोळ्या ८,८०० रुपयांपेक्षा जास्त दराने विकता येणार नाहीत, बायरला निव्वळ विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी द्यावी लागेल आणि वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यावे लागेल, अशा अटी होत्या. हा भारतातला पहिला सक्तीचा परवाना. अपिलात रॉयल्टी ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ ला निर्णय कायम ठेवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका फेटाळली.

बायरच्या युक्तिवादात काहीच तथ्य नव्हते, असे मी म्हणणार नाही. सोराफेनिब मुळात कुणीतरी शोधले, म्हणून ते स्वस्तात बनवता आले. पुढे कलम ८४ खाली आलेले अर्जही सहज मान्य झाले नाहीत. डॅसाटिनिब या औषधासाठीचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला. परवाना हा नेहमीचा मार्ग नव्हे. पण अँटॉप हिलला ज्याचा निकाल लागला, तो केवळ किमतीचा प्रश्न होता असे मला आता वाटत नाही. तो मात्रेचाही प्रश्न होता. ज्या मात्रेने फायदा सिद्ध झाला, ती मात्रा माणसाच्या पोटात जाईल की नाही, हे किमतीने ठरत होते. संशोधनाच्या कागदांवर तराजूला दोन पारडी असतात, गुण आणि त्रास. आमच्याकडे पैसा हे तिसरे पारडे असते, आणि तोलून झाल्यावरही त्याची नोंद कुठे होत नाही.

वहीत त्या उन्हाळ्यात नवे पान लागते. जमा : १२०, दर ८,८००. समासात : एका गोळीस ७३ रुपये ३३ पैसे. आणि खर्चाच्या बाजूला प्रथमच ४.

पुन्हा दोन

चार गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात अण्णांचे तळहात लाल झाले, मग बोटांच्या पेरांवर फोड आले, कातडी सुटू लागली. मोंढ्यात बसणाऱ्या माणसाला हे किती जड जाते, ते मिरचीच्या गावातच कळेल. आमच्याकडे हंगामात हवेलाच तिखट असते. नवा माणूस गावात उतरला की आधी शिंकतो. पोत्यातल्या मिरचीला हात न लावताही अण्णांच्या हातांची आग होई. रात्री ते दोन्ही हात परातीतल्या पाण्यात बुडवून बसत. चप्पल घालवत नसे. पेन धरणे अवघड झाले. वहीतले त्या दिवसांचे आकडे वाकडे आहेत, पण एकही तारीख सुटलेली नाही. वरचा रक्तदाब १६० च्या पुढे गेला.

डॉक्टरांनी आधी आठवडाभर औषध बंद ठेवले. रक्तदाबाची गोळी सुरू केली, तळव्यांना मलम दिले, दुकानावर जाणे थांबवले. मग म्हणाले, "आता दिवसाला दोनच घ्या." सोराफेनिबच्या अधिकृत सूचनांतही हीच पायरी आहे : ४०० मिलिग्रॅम दोनदा सोसत नसेल तर दिवसातून एकदा आणि तेही नाही तर दिवसाआड.

बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "मी काय वेगळं करायलो होतो? दोनच तर घ्यायलो होतो."

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज देता येते. गोळ्या त्याच दोन, पण पहिल्या दोन त्यांच्या खिशाने ठरवल्या होत्या आणि दुसऱ्या दोन त्यांच्या हातांनी. पहिल्या वेळी डॉक्टरांना खोटा आकडा मिळाला होता आणि त्यावरून ते औषधच बदलायला निघाले होते. दुसऱ्या वेळी मात्रा वर नेऊन, तिचा परिणाम पाहून, सर्वांच्या समक्ष खाली आणली होती. ऑगस्टच्या तपासणीत गाठी तेवढ्याच होत्या. त्यानंतर जवळपास वर्षभर अण्णा आमच्यात होते, त्यातले बरेच महिने हिंडतेफिरते. त्या दोन महिन्यांत पुरी मात्रा गेली असती तर आणखी काही काळ मिळाला असता का, हे एका माणसाच्या वहीतून सिद्ध होत नाही. मी ते सिद्ध करायचा प्रयत्नही सोडला आहे.

दहावा हिस्सा

अण्णांच्या नंतर या रोगाची चिकित्सा पुष्कळ बदलली. २०१५ च्या अखेरीस निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीवरचे वेसण सोडवणारे औषध मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी आले. त्याच्या आधीच्या एका चाचणीत १६८ रुग्णांना तीन वेगवेगळ्या मात्रा दिल्या होत्या : शरीराच्या दर किलोमागे ०.३, २ आणि १० मिलिग्रॅम. गाठी आक्रसण्याचे प्रमाण अनुक्रमे २०, २२ आणि २० टक्के. तेहतीसपट जास्त औषध देऊनही प्रमाण तेच. मध्यम आयुर्मान मात्र सर्वांत लहान मात्रेत १८.२ महिने आणि इतर दोन्हींत पंचविशीच्या आसपास. म्हणजे 'कमी चालते' असे सरसकट म्हणता येत नाही, पण जुनी 'सोसेल तेवढे' ही रीत इथे लागू नाही, हे स्पष्ट दिसते.

हा धागा परळला पकडला गेला. टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना कमी मात्रेतली नेहमीची तोंडी औषधे, उरलेल्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले आणि तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत. ही तुलना लहान मात्रा विरुद्ध पूर्ण मात्रा अशी नव्हती, लहान मात्रा विरुद्ध काहीच नाही अशी होती. आणि रोगही वेगळा होता. पण आपल्या देशातल्या बहुसंख्य रुग्णांपुढचा खरा पर्याय 'काहीच नाही' हाच असतो, हे ओळखून तो प्रश्न विचारला गेला होता.

ब्रिटनमध्ये ९२० मूत्रपिंड-कर्करोग रुग्णांवर आणखी एक साधा प्रश्न तपासला गेला : सुनिटिनिब किंवा पॅझोपॅनिब चालू असताना रोग स्थिर असेल, तर औषधाला सुट्टी द्यावी का? २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सुट्टीमुळे आयुष्यात फार मोठी घट दिसली नाही, पण आयुर्मानाचा ठरवलेला काटेकोर निकष सर्व बाजूंनी पूर्णही झाला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२१ मध्ये कर्करोगाच्या औषधांची मात्रा ठरवण्याची रीत बदलण्यासाठी उपक्रम सुरू केला. नायट्रोजन मस्टर्डनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी 'किती पुरते' हा प्रश्न रीतसर विचारला जाऊ लागला आहे.

हे सारे वाचताना मला अनेकदा वाटले, की अण्णांनी नकळत याच प्रश्नाला हात घातला होता. पण तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. चाचणीत मात्रा कमी करतात तेव्हा कुणीतरी तपासत असते, मोजत असते, बिघडले तर थांबवत असते. घरात कुणाला न सांगता गोळ्या कमी होतात तेव्हा मोजणारा कुणी नसतो. आमच्या घरात तो होता, पण त्याने वही ट्रंकेत ठेवली होती. आणि मीही कधी विचारले नव्हते. पैसे दिले की माझे कर्तव्य संपले, असे मला वाटत असे.

आता ओळखीत कुणाचे असे दुखणे निघाले, की मी सोबत जातो. डॉक्टर 'काही त्रास?' विचारतात, त्याच्या आधी मी रुग्णाला बाहेर विचारतो, "महिन्याला किती पडतात? परवडतात का? खरं सांगा." तीनपैकी एखादा तरी मान खाली घालतो. मग आत गेल्यावर तेही सांगायचे, असे आम्ही ठरवतो.

अण्णांची वही माझ्याकडे आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या २ या आकड्यापुढे काहीही लिहिलेले नाही. ज्या माणसाने हमालीच्या आठ आण्यांनाही तपशील लिहिला, त्याने तिथे रकाना कोरा सोडला. पुढे २०१२ च्या पावसाळ्यात पुन्हा २ सुरू होतात. त्या पहिल्या दोनापुढे, सोललेल्या बोटांनी काढलेल्या अक्षरांत, तपशील आहे : 'डॉक्टरांचे सांगण्यावरून.'